पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड आणि जनावरांच्या अवयवांवरील विषपरिणाम

भारतात फ्लोरोसिस हा विकार प्रथम लक्षात आला तो बैलांमुळे. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील तेलुगू मुलखातल्या शेतकऱ्यांना आपले नांगराचे बैल अवेळी आखडू लागल्याचे दिसले. सांधे ताठ, चाल अवघडलेली, जुवाखाली मान देण्याची तयारी नाही, अशी त्या बैलांची अवस्था होती. तशीच लक्षणे पुढे माणसांत दिसू लागली आणि १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोर जिल्ह्यातील (यातील बराच भाग आज प्रकाशम जिल्ह्यात मोडतो) मानवी फ्लोरोसिसचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. विहिरीच्या पाण्यातील दोष जनावराने आधी दाखवला आणि माणसाची तपासणी नंतर झाली.

आज हा क्रम उलटला आहे. फ्लोराइडबाधित गावांत माणसांसाठी नळयोजना, शुद्धीकरण यंत्रे आणि टँकर पोहोचत आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र गोठ्यातील हौद बहुतेक ठिकाणी जुन्याच बोअरवर भरला जातो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. उन्हाळ्यात एक दुभती संकरित गाय एकटीच दिवसाला साठ ते ऐंशी लिटर पाणी पिते. चार गाईंचा गोठा या प्रमाणात कसा बसावा? म्हणून जनावरांच्या पाण्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल आणि तो करण्यासाठी हे विष शरीरात नेमके काय करते, हे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला या द्रव्याची ओळख फार आधीपासून असते, हे जाता जाता नमूद करतो. सोडियम फ्लोराइड हे एके काळी झुरळे मारण्याचे प्रचलित विष होते आणि क्रायोलाइट हे फ्लोरिनयुक्त खनिज पिकांवरील कीटकनाशक म्हणून वापरले गेले. रेशीमकीटक तर फ्लोराइडला इतका संवेदनशील आहे, की वीटभट्ट्यांच्या धुरातील फ्लोराइड तुतीच्या पानांवर बसल्याने चीनमध्ये रेशीम उत्पादकांचे मोठे नुकसान झाले होते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात हेच विष संथ गतीने काम करते आणि त्यामुळेच ते ओळखण्यात उशीर होतो.

पाण्यात फ्लोराइड येते कोठून?

ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या जुन्या कठीण खडकांत फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. खोलवर मुरलेले पाणी वर्षानुवर्षे त्यांच्या सान्निध्यात राहिले की फ्लोराइड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी संयोग पावून खाली बसते. कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट अधिक असेल तर ते विरघळलेलेच राहते. यातून एक गैरसमज निर्माण होतो. साबणाला चांगला फेस येणारे, चवीला मवाळ पाणी लोक उत्तम मानतात, परंतु फ्लोराइडच्या बाबतीत अशाच पाण्याची तपासणी आधी व्हायला हवी. रंग, वास, चव यांपैकी कशावरूनही फ्लोराइड कळत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते.

राजस्थान, गुजरात, तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांत बाधित क्षेत्र विस्तृत आहे. महाराष्ट्राचा बराचसा भूभाग बेसाल्टने व्यापलेला असल्याने तुलनेने सुरक्षित मानला जातो. तथापि बेसाल्टच्या कडेला जुने खडक उघडे पडतात त्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत, ही समस्या आहे.

माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मि.ग्रॅ. फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मि.ग्रॅ.पर्यंत मुभा आहे. जनावरांसाठी लिटरमागे २ मि.ग्रॅ. ही मर्यादा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. मात्र अशा मर्यादा मुख्यतः थंड हवामानाच्या देशांतील अनुभवावर बेतलेल्या असतात. आपल्याकडे वैशाखात जनावराचे पाणी पिणे दीड-दोन पटींनी वाढते आणि त्याच प्रमाणात फ्लोराइडचे सेवनही वाढते. दक्षिण राजस्थानातील डुंगरपूर व उदयपूर परिसरात प्रा. शांतीलाल चौबिसा यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासांत लिटरमागे दीड ते चार मि.ग्रॅ. फ्लोराइड असलेल्या पाण्यावरही गाई-म्हशींत दातांचे व हाडांचे विकार आढळले आहेत. त्यामुळे २ ही संख्या लक्ष्मणरेषा समजू नये, असे माझे मत आहे.

दात : जनावराच्या तोंडातील नोंदवही

फ्लोराइडचा सर्वांत लवकर आणि सर्वांत खात्रीचा पुरावा दातांवर मिळतो. दातावरील इनॅमलचे कवच तयार करणाऱ्या पेशी फ्लोराइडला विलक्षण संवेदनशील असतात. कवच घडत असताना रक्तात फ्लोराइड अधिक असेल तर ते सच्छिद्र, खडूसारखे पांढरे होते. दात बाहेर आल्यावर चाऱ्यातील रंगद्रव्ये त्यात मुरून पिवळे, तपकिरी, काळपट पट्टे उमटतात. तीव्र बाधेत कवचाला खळगे पडतात, दात झपाट्याने झिजतात आणि दाढांची झीज ओबडधोबड होते. एकदा दात पूर्ण घडून वर आला की मात्र त्यानंतर प्यायलेल्या फ्लोराइडने त्याचे कवच बिघडत नाही.

हा शेवटचा मुद्दा निदानासाठी फार उपयोगी आहे. गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात आणि त्यांच्या चार जोड्या ठरावीक वयात येतात. आदत, दुसा, चौसा या शब्दांनी आपले शेतकरी पिढ्यान्पिढ्या जनावराचे वय सांगत आले आहेत. पहिली पक्की जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास, दुसरी अडीच वर्षांच्या आसपास, तिसरी तीन-साडेतीनला आणि चौथी चार वर्षांच्या आगेमागे येते. गावठी जनावरांत थोडा उशीर होतो. प्रत्येक जोडीचे कवच ती वर येण्याच्या बरेच आधी जबड्यात घडलेले असते. म्हणून वासराच्या वयाचा सहा महिन्यांपासून सुमारे तीन वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा ठरतो.

समजा, एखाद्या गाईची मधली जोडी स्वच्छ आहे आणि कडेच्या जोड्या डागाळलेल्या आहेत. याचा अर्थ तिचे बालपण चांगल्या पाण्यावर गेले आणि ती नंतर बाधित स्रोतावर आली, बहुधा बाजारातून विकत आणली गेली. मधली जोडी खराब आणि पुढच्या स्वच्छ असतील तर मध्यंतरी पाणी बदलले असे समजावे. सर्व जोड्या सारख्याच डागाळलेल्या असतील तर जनावर त्याच पाण्यावर वाढले आहे. डाग नेहमी जोडीने, म्हणजे डावीकडील व उजवीकडील दातावर सारखे असावे लागतात. एकाच दातावरचा डाग हा मार लागल्याचा किंवा चाऱ्याच्या रंगाचा असू शकतो.

दात झिजून आतला संवेदनशील भाग उघडा पडला की थंड पाणी लागते. असे जनावर हौदात तोंड बुडवून घटाघटा पीत नाही, जिभेने लपलप करत पाणी घेते. कडबा चघळून सोडून देते, वैरण समोर असूनही खंगत जाते. जंतनाशके, टॉनिके यांवर खर्च होतो आणि तोंड उघडून पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

हाडे व सांधे

शरीरात राहून गेलेल्या फ्लोराइडपैकी जवळजवळ ९९ टक्के भाग हाडांत व दातांत असतो. हाडातील खनिजात असलेल्या हायड्रॉक्सिल गटाची जागा फ्लोराइड घेते. वाढत्या वयातील हाड ते अधिक ओढून घेते, तर प्रौढ जनावर मूत्रावाटे तुलनेने अधिक बाहेर टाकते. निरोगी गाईच्या कोरड्या, चरबी काढलेल्या हाडात किलोमागे साधारणतः हजार मि.ग्रॅ.च्या आत फ्लोराइड असते. तीव्र बाधेत ते पाच हजारांच्या पुढे जाते. हाड काही काळ हे विष सामावून घेत असल्याने जनावर वरून निरोगी दिसत राहते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लंगडणे सुरू होते, तोपर्यंत बराच साठा झालेला असतो.

साठा वाढला की हाड घडवणाऱ्या पेशी अवाजवी उत्तेजित होतात आणि हाडाच्या पृष्ठभागावर नवे, खडबडीत हाड चढते. मागच्या पायाच्या नळीची आतली बाजू, खालचा जबडा, बरगड्या या ठिकाणी हाताने चाचपल्यास असे उंचवटे लागतात. स्नायुबंध व कंडरा जेथे हाडाला जोडलेले असतात तेथे चुना बसून हालचाल अडखळते. लंगडेपणा आज या पायात तर उद्या त्या पायात, असा फिरता असतो. काही जनावरे गुडघे टेकून चरतात. पुढच्या खुरातील हाड मोडले तर गाय वेदना टाळण्यासाठी पुढचे पाय एकमेकांवर तिरपे टाकून उभी राहते. ही मुद्रा एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

या अवस्थेत फॉस्फरसची कमतरता, संधिवात, लाळ्या-खुरकुतानंतरचा लंगडेपणा असे वेगवेगळे तर्क केले जातात. त्यातील फॉस्फरसच्या कमतरतेचा तर्क घातक ठरू शकतो, कारण त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी स्वस्त खनिज मिश्रण सुरू केले जाते. ते मिश्रण फ्लोरिन न काढलेल्या रॉक फॉस्फेटपासून बनवलेले असेल तर काय होईल, याचा हिशेब मांडू. रॉक फॉस्फेटमध्ये साधारण ३ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक फ्लोरिन असते. रोजच्या ५० ग्रॅम मिश्रणातील निम्मा भाग असा असेल तर २५ ग्रॅममधून ७५० मि.ग्रॅ. फ्लोरिन पोटात जाते. लिटरमागे ४ मि.ग्रॅ. फ्लोराइडचे ६० लिटर पाणी प्यायल्यास २४० मि.ग्रॅ. जाते. रॉक फॉस्फेटमधील फ्लोरिन पाण्यातल्याइतके सहज शोषले जात नाही, हे खरे. तरीही दुभत्या गाईच्या एकूण आहारात कोरड्या भागाच्या किलोमागे सुमारे ४० मि.ग्रॅ., म्हणजे दहा किलो खाणाऱ्या गाईस दिवसाला सुमारे ४०० मि.ग्रॅ. ही सहनमर्यादा लक्षात घेता हा भार पेलवणारा नाही. बाधित गावात खनिज मिश्रण सुचवताना ते भारतीय मानक चिन्हाचे आणि फ्लोरिनचे प्रमाण छापलेलेच असावे.

मऊ अवयवांतील बिघाड

जठरातील आम्लात फ्लोराइडचे रूपांतर हायड्रोफ्लोरिक आम्लात होते आणि ते अस्तरातून सहज आत शिरते. त्यामुळे अस्तराचा दाह होऊन भूक मंदावते. रक्तातून पेशीत पोहोचलेले फ्लोराइड ऊर्जा निर्माण करणाऱ्या काही एन्झाइमांना अडवते. साखरेच्या विघटनातील एनोलेज हे त्यांतील प्रमुख. रक्तातील साखर तपासण्यासाठी ज्या नळीत रक्त घेतात तिच्यात सोडियम फ्लोराइड घातलेले असते ते याच कारणाने, म्हणजे रक्तपेशींनी नळीतच साखर संपवू नये म्हणून. शिवाय पेशींमध्ये ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून त्यांच्या आवरणांची हानी होते.

मूत्रपिंडाचा विचार येथे अधिक विस्ताराने करायला हवा. रक्तातील फ्लोराइड बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग मूत्रपिंड हाच असल्याने त्याच्या सूक्ष्मनलिकांना या विषाच्या उच्च पातळीला सतत तोंड द्यावे लागते. दीर्घकालीन बाधेत नलिकांच्या पेशी सुजतात, झडतात आणि मधल्या जागेत तंतुमय ऊती वाढते. असे मूत्रपिंड फ्लोराइड कमी प्रमाणात बाहेर टाकते, मग रक्तातील पातळी चढते, हाडांत साठा वेगाने होतो आणि उरल्यासुरल्या नलिकांवर भार वाढतो. एकाच हौदावरील दोन गाईंपैकी एक लवकर आखडते आणि दुसरी धडधाकट राहते, यामागील संभाव्य कारणांत मूत्रपिंडाची आधीची स्थिती हे एक कारण आहे.

यकृतात पेशींमध्ये पोकळ्या निर्माण होणे, चरबी साठणे असे बदल प्रायोगिक प्राण्यांत दिसतात. बाधित जनावरांच्या रक्तात काही एन्झाइमही वाढलेले आढळतात. त्यांपैकी अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येते, म्हणून केवळ त्यावरून यकृत बिघडल्याचा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. थायरॉइड ग्रंथीविषयी अमेरिकेतील मिशिगन येथील दुभत्या गाईंवरील १९७९ सालचा अभ्यास उल्लेखनीय आहे. फ्लोराइडच्या अधिक सेवनाबरोबर थायरॉइड संप्रेरके घटल्याचे व रक्तक्षय झाल्याचे त्यात दिसून आले होते. वृषणे व मेंदू यांवरील दुष्परिणामांची माहिती मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून आलेली आहे.

या प्रयोगांविषयी सावधगिरीचा एक शब्द. त्यांत पाण्यातील फ्लोराइड पुष्कळदा लिटरमागे ५० ते १०० मि.ग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक ठेवलेले असते. उंदराच्या रक्तात इतर प्राण्यांइतकी पातळी गाठण्यासाठी त्याला कितीतरी अधिक मात्रा द्यावी लागते, हे त्याचे एक कारण. म्हणून अशा प्रयोगातील निष्कर्ष ‘तुमच्या गाईचा मेंदू बिघडेल’ अशा शब्दांत ग्रामसभेत सांगणे अनुचित होय. दात, हाडे व मूत्रपिंड यांवरील पुरावा पुरेसा भक्कम आहे आणि कृतीसाठी तेवढा पुरतो.

दुधाविषयी शेतकरी हमखास विचारतात. फ्लोराइड दुधात फारच अल्प प्रमाणात उतरते. बाधित गाईचे दूध त्या कारणाने टाकून देण्याची गरज नाही. हीच गोष्ट वासरालाही लागू पडते. आईच्या दुधावर असेपर्यंत त्याचे बरेचसे संरक्षण होते, दूध तुटून ते हौदावर आले की धोका वाढतो.

सुरक्षित पाणी आधी कोणाला?

बहुतेक गोठ्यांत चांगले पाणी, चांगली पेंड आणि चांगली जागा दुभत्या जनावराला मिळते. कालवडी, पारड्या कडेला बांधलेल्या असतात आणि त्यांना उरलेसुरले दिले जाते. फ्लोराइडबाधित गावात हा शिरस्ता महागात पडतो. सुरक्षित पाणी मोजकेच असेल तर ते दूध तुटल्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या जनावरांना आधी द्यावे. सात-आठ महिन्यांच्या कालवडीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरतात, म्हणजे एका दुभत्या गाईच्या पाण्यात तीन-चार कालवडी सांभाळल्या जातात. आठ दात पूर्ण झालेल्या गाईच्या दातांना आता नवी इजा होणार नाही. तिच्या हाडांसाठी पाणी सुधारणे गरजेचे आहेच, परंतु त्यासाठी काही महिन्यांचा अवधी हाताशी असतो. ज्या कालवडीचे दात विशीत असलेल्या माणसाने नव्वदी गाठावी तसे झिजले, ती पाचव्या-सहाव्या वर्षी वैरण चावू शकत नाही आणि तिचे पुढचे वेत वाया जातात.

पर्यायी पाण्यात शेततळ्यातील व छतावरून साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत निर्धोक, कारण त्याचा खडकाशी दीर्घ संपर्क आलेला नसतो. उथळ, जुन्या विहिरींत खोल बोअरपेक्षा फ्लोराइड बहुधा कमी असते, तरी तपासणीशिवाय गृहीत धरू नये. दोन पाणी मिसळण्याचा मार्गही व्यवहार्य आहे. लिटरमागे ४ मि.ग्रॅ.चे एक भाग आणि ०.५ मि.ग्रॅ.चे दोन भाग एकत्र केल्यास मिश्रणात सुमारे १.७ मि.ग्रॅ. उरते.

तुरटी व चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केली. गावपातळीवरील टाकीसाठी ती उपयुक्त आहे. तुरटीची मात्रा मात्र पाण्यातील फ्लोराइड व क्षारता मोजूनच ठरवावी लागते. अंदाजाने हौदात तुरटी फिरवणे हा उपाय नव्हे. तळाशी बसलेला गाळ जनावरांच्या वाटेत टाकू नये.

गावातील आरओ यंत्राविषयी विशेष दक्षता हवी. यंत्रातून निम्मे पाणी शुद्ध होऊन बाहेर पडत असेल तर उरलेल्या टाकाऊ पाण्यात फ्लोराइड जवळजवळ दुप्पट झालेले असते. ‘वाया का घालवायचे’ या सद्हेतूने ते जनावरांच्या हौदात सोडले, तर माणसांच्या वाट्याचे फ्लोराइडही गोठ्यात जमा होते. आपल्या कार्यक्षेत्रातील अशा प्रत्येक यंत्राची टाकाऊ पाण्याची नळी कोठे जाते, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

आहारात कॅल्शियम पुरेसे असल्यास फ्लोराइडचे शोषण काहीसे घटते. चौबिसा यांच्या निरीक्षणात शेळ्या, मेंढ्या व उंट यांना गाई-म्हशींपेक्षा कमी बाधा आढळली. झाडाझुडपांच्या पाल्यातून मिळणारे कॅल्शियम व क जीवनसत्त्व हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांनी सुचवले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील अभ्यासात चिंचेच्या सेवनाने मुलांच्या मूत्रातून फ्लोराइड अधिक बाहेर पडल्याचे दिसले. ही दिशा आशादायक आहे, परंतु पाला किंवा चिंच हे पाणी बदलण्याला पर्याय नाहीत.

पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, काचेच्या नव्हे. बोअर काही मिनिटे चालवून मग बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरावी. उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे वर्षातून दोन नमुने घ्यावेत. गावातील तपासणी संचात गुलाबी रंग पिवळा होणे हे फ्लोराइड अधिक असल्याचे लक्षण होय, मात्र अंतिम आकडा जिल्हा प्रयोगशाळेतूनच घ्यावा. त्याच भेटीत गोठ्यातील सर्व जनावरांचे दात पाहून जोडीनिहाय नोंद ठेवावी. पाणी बदलल्यानंतर मूत्रातील फ्लोराइड काही आठवड्यांत उतरू लागते, हाडातील साठा मात्र वर्षानुवर्षे हळूहळू कमी होतो. दातांच्या बाबतीत निकालासाठी थांबावेच लागते. आज दूध तुटलेल्या वासराला साधारण दोन वर्षांनी पहिली पक्की जोडी येईल, तेव्हा ती पाहावी आणि जुन्या नोंदीशी ताडून घ्यावी.